बालपणाची नोंद आणि नोकरीचा नमुना

सरकारी नोकरीसाठी निवड झालेल्या उमेदवाराला नेमणुकीपूर्वी एक साक्षांकन नमुना भरून द्यावा लागतो. नाव, गाव, शिक्षण, गेल्या काही वर्षांतील वास्तव्य हे रकाने संपले की एक प्रश्न येतो : आपणास कधी अटक झाली होती काय, आपणावर कधी खटला भरला गेला होता काय? माहिती खोटी आढळल्यास अथवा दडवल्याचे निष्पन्न झाल्यास उमेदवार अपात्र ठरेल, असा इशाराही त्या नमुन्यावर छापलेला असतो. बहुसंख्य तरुण या प्रश्नापुढे क्षणभरही न थांबता ‘नाही’ असे लिहून मोकळे होतात. माझा एक माजी विद्यार्थी मात्र त्या रकान्यापाशी अडला आणि एका संध्याकाळी तो कागद घेऊन माझ्या घरी आला.

त्याची हकीकत साधी होती. सोळाव्या वर्षी गावच्या जत्रेत मारामारी झाली. थोरल्या भावाच्या मित्रमंडळींबरोबर हाही ताब्यात घेतला गेला. बाल न्याय मंडळाने चौकशी केली, त्याला आणि त्याच्या वडिलांना समज दिली व घरी जाऊ दिले. तेथे प्रकरण मिटले. पुढे हा मुलगा बी. ए. झाला, पहाटे धावण्याचा सराव करून एका दलाच्या भरतीत उतरला आणि निवडला गेला. ‘सर, इथं काय लिहू?’ एवढाच त्याचा प्रश्न होता. अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने त्याला काय उत्तर द्यावे? मी कायद्याचे पुस्तक उघडले, आणि त्यानंतरचे काही महिने ते मला मिटता आलेले नाही.

कायद्याची भाषा निःसंदिग्ध आहे. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आला. त्याच्या तिसऱ्या कलमात जी मूलतत्त्वे सांगितली आहेत त्यांत नव्याने सुरुवात करू देण्याचे एक तत्त्व आहे : अपवादात्मक परिस्थिती वगळता, या व्यवस्थेतून गेलेल्या मुलाच्या पूर्वीच्या सर्व नोंदी पुसल्या गेल्या पाहिजेत. कलम २४ म्हणते, की या कायद्याखाली ज्याचे प्रकरण हाताळले गेले त्या मुलाला, दोषसिद्धीमुळे इतर कोणत्याही कायद्याने येणारी अपात्रता लागू होणार नाही. त्याच कलमाने मंडळावर जबाबदारी टाकली आहे, की विहित मुदतीनंतर संबंधित नोंदी नष्ट कराव्यात असा आदेश त्याने पोलिसांना द्यावा. कलम ७४ वृत्तपत्रांना मुलाचे नाव, पत्ता, शाळा अथवा ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करण्यास मनाई करते, आणि चारित्र्य दाखल्यासाठी वा अन्य कारणासाठी मुलाची नोंद उघड करू नये असे पोलिसांना बजावते. मूळ कायद्यात ही बंदी निकाली निघालेल्या प्रकरणांपुरती होती. २०२१ च्या दुरुस्तीने ती प्रलंबित प्रकरणांनाही लागू केली. उल्लंघनास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत.

हा विचार परका अथवा कालपरवाचा नव्हे. मुलांसाठी वेगळा न्याय असावा म्हणून आपल्या मुंबई इलाख्याने १९२४ सालीच कायदा केला होता. मद्रास १९२० साली आणि बंगाल १९२२ साली त्याच्या पुढे गेले होते. स्वातंत्र्यानंतर मुंबईने १९४८ साली नवा बालक अधिनियम केला. १९८५ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बाल न्यायासंबंधी जे नियम संमत केले, त्यांतही मुलाच्या नोंदी सक्त गोपनीय ठेवाव्यात आणि प्रौढपणीच्या खटल्यात त्यांचा उपयोग करू नये असे म्हटले आहे. १९८६, २००० आणि २०१५ असे तीन केंद्रीय कायदे आपल्याकडे लागोपाठ झाले. त्यांतील शेवटचा डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील अत्याचारानंतर उसळलेल्या संतापाच्या छायेत मंजूर झाला आणि सोळा ते अठरा वर्षांच्या मुलांवर निर्घृण गुन्ह्यांसाठी प्रौढांप्रमाणे खटला चालवण्याची वाट त्याने मोकळी केली. तथापि त्या संतापाच्या लाटेतही संसदेने गोपनीयतेचे तत्त्व सोडले नाही, उलट अधिक स्पष्ट केले. ही गोष्ट आपल्याकडे पुरेशी लक्षात घेतली गेलेली नाही.

मग अडचण कोठे आहे?

ती त्या नमुन्यात आहे. कायद्याने पोलिसांच्या तोंडाला कुलूप घातले, वृत्तपत्रांना मनाई केली, मंडळाला नोंदी जाळण्यास सांगितले. खुद्द मुलालाच विचारू नका, असे मात्र या कलमांत कोणी स्पष्ट शब्दांत लिहिले नाही. परिणामी राज्य एका हाताने जी माहिती दडवण्याचे वचन देते तीच दुसऱ्या हाताने, त्याच तरुणाकडून, त्याच्याच सहीनिशी मागून घेते. त्याने ‘होय’ लिहिले तर गोपनीयता संपली. ‘नाही’ लिहिले आणि पडताळणीत जुना कागद निघाला, तर जत्रेतील मारामारीबद्दल नव्हे तर ‘माहिती दडवल्याबद्दल’ त्याची नोकरी जाते. हा दुसरा आरोप अधिक घातक असतो, कारण तो प्रौढपणी केलेल्या कृत्याचा असतो आणि बालपणाचे कोणतेही संरक्षण त्याला लाभत नाही.

साक्षांकन नमुन्यातील माहितीसंबंधी सर्वोच्च न्यायालयाच्या त्रिसदस्य पीठाने २०१६ साली सर्वसाधारण तत्त्वे घालून दिली. उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे. कोवळ्या वयातील क्षुल्लक प्रकरण दडवले गेले असल्यास नेमणूक करणाऱ्या अधिकाऱ्याला ते क्षम्य मानता येईल. मात्र माहिती खरी दिली तरी पूर्वेतिहासाचा विचार करण्याचा त्याचा अधिकार कायम राहील. सामान्य उमेदवाराच्या बाबतीत हे समतोल म्हणता येईल. बालकाच्या बाबतीत मात्र ‘क्षम्य मानता येईल’ हे शब्द कलम २४ ला छेद देतात. जी अपात्रता कायद्यानेच काढून टाकली ती क्षमा करण्याचा अधिकार एखाद्या अधिकाऱ्याला असण्याचे कारण काय? ज्याचे देणे फिटले त्याला सावकाराने दया दाखवण्याचा प्रश्न उद्भवत नाही. २०१९ साली एका केंद्रीय दलातील नेमणुकीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की बालवयातील आरोप सिद्ध झाला असता तरी त्या कारणास्तव नोकरी नाकारता आली नसती, कारण तो डाग पुसला जावा हाच कायद्याचा हेतू आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२१ साली आणखी एक पाऊल टाकले आणि बालपणीच्या खटल्यांची माहिती उमेदवाराकडे मागणे हाच मुळी त्याच्या खासगीपणावर आघात आहे, असे मत दिले. तरीही छापील नमुना आहे तेथेच आहे. न्यायालयाचा निर्णय कचेरीतल्या कपाटात पोहोचायला आपल्याकडे किती काळ लागतो, हे ज्याला निवृत्तिवेतनाचे काम पडले आहे त्याला सांगायला नको.

नोंदी नष्ट करण्याची कथा याहून मनोरंजक आहे. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांप्रमाणे दोषसिद्धीच्या नोंदी अपिलाची मुदत संपेपर्यंत किंवा सात वर्षांपर्यंत जतन कराव्यात, त्याहून अधिक नाही, आणि मग नष्ट कराव्यात. मंडळाच्या आदेशावर अपील करण्याची मुदत तीस दिवसांची आहे. म्हणजे एका टोकाला तीस दिवस, दुसऱ्या टोकाला सात वर्षे, आणि मध्ये ‘किंवा’ हा एक शब्द. नोकरशाहीला असा शब्द मिळाला की ती त्यातील लांबचे टोक धरते. गणित करून पाहावे. सोळाव्या वर्षी घडलेल्या प्रकरणाची नोंद तेविसाव्या वर्षापर्यंत जगेल, सतराव्या वर्षाची चोविसाव्यापर्यंत. आणि गरीब घरातील मुलगा पोलीस, सैन्य, सुरक्षा दल, गृहरक्षक यांच्या भरतीत नेमका कोणत्या वयात उतरतो? अठरा ते चोवीस या वयात. नोंद ज्या काळात त्याचे सर्वाधिक नुकसान करू शकते तेवढाच काळ ती जिवंत ठेवली जाते आणि निरुपयोगी झाल्यावर तिचा अंत्यविधी होतो!

त्यातही माझ्या विद्यार्थ्याची गोष्ट एका वेगळ्या फटीतून निसटली. आदर्श नियमांनुसार मुलाविरुद्ध प्रथम खबर नोंदवायची नसते. गुन्हा निर्घृण असेल अथवा प्रौढांच्या सोबतीने झाला असेल तरच ती नोंदवावी, एरवी ठाण्याच्या दैनंदिनीत टिपण करून सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल तयार करावा, अशी उत्तम तरतूद आहे. पण जत्रेतील मारामारीत, तालमीतल्या भांडणात, मोटारसायकलच्या चोरीत सोळा वर्षांचे पोर एकटे क्वचितच असते. थोरांच्या मागे ते फरफटत जाते, आणि थोरांच्या सोबतीमुळेच त्याचे नाव प्रथम खबरीत चढते. मुलाचे प्रकरण मंडळाकडे जाते आणि मिटते. प्रौढांचा खटला नेहमीच्या न्यायालयात वर्षानुवर्षे रेंगाळतो. त्या खटल्याच्या कागदपत्रांत, आरोपींना दिलेल्या नकलांत, साक्षीदारांच्या जबाबांत मुलाचे नाव तसेच राहते. मंडळाने आपली वही जाळली तरी त्या दुसऱ्या फाइलला ज्वाळेची धगही लागत नाही. प्रथम खबर चोवीस तासांत संकेतस्थळावर चढवावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे. संवेदनशील गुन्हे त्यातून वगळले आहेत हे खरे, परंतु अनेक आरोपींच्या यादीतील एक नाव अल्पवयीनाचे आहे हे पाहून ते झाकण्याची दक्षता रात्रपाळीच्या अंमलदारावर अवलंबून राहते.

वृत्तपत्रांविषयी येथे, एका वृत्तपत्राच्याच स्तंभात, बोलणे भाग आहे. १९ मे २०२४ रोजी पुण्यात एका अल्पवयीन मुलाच्या भरधाव मोटारीखाली दोन तरुण जिवांचा अंत झाला. मंडळाने त्याच दिवशी जामीन दिला आणि अटींमध्ये तीनशे शब्दांच्या निबंधाची एक अट घातली. लोक संतापले आणि तो संताप अनाठायी नव्हता. परंतु पुढील काही दिवसांत मुलाच्या घराण्याचे नाव, व्यवसाय, घर, वडील, आजोबा असे सर्व काही देशभर छापले व दाखवले गेले. मुलाचे नाव तेवढे गाळले की कलम ७४ पाळले गेले अशी समजूत दिसली. ओळख पटेल असा ‘कोणताही तपशील’ नको, हे कायद्याचे शब्द आहेत. श्रीमंत घरच्या मुलाने व्यवस्था वाकवली असा संशय असेल तर त्या व्यवस्थेवर, म्हणजे मंडळ, पोलीस आणि रुग्णालय यांच्यावर, हवा तेवढा प्रकाश टाकावा. गोपनीयता मुलाची असते, मंडळाच्या कारभाराची नव्हे. हे दोन वेगळे ठेवणे आम्हाला जमले नाही. आणि सवलत मोडण्याची सवय एकदा जडली की तिचा फटका श्रीमंताला एकदाच बसतो. तालुक्याच्या बातमीदाराने गावासकट, आडनावासकट दिलेल्या चार ओळींच्या बातमीत तो गरिबाच्या मुलाला रोज बसतो. पूर्वी रद्दीवाला अशा बातमीला वर्षभरात मुक्ती देत असे. आता ती शोधयंत्रात कायमची वस्तीला राहते.

गोपनीयतेला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे मात्र गांभीर्याने घेतले पाहिजे. ज्याच्या हाती उद्या शस्त्र द्यायचे त्याचा भूतकाळ राज्याला माहीत नसावा काय, हा त्यांचा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर कायद्यातच आहे. सोळा वर्षांवरील मुलाला निर्घृण गुन्ह्यासाठी प्रौढ म्हणून चालवून बाल न्यायालयाने दोषी ठरवले असेल, तर त्याला कलम २४ चे संरक्षण नाही आणि त्याच्या नोंदीही त्या न्यायालयाकडे राखल्या जातात. पुसण्याची भाषा आहे ती उरलेल्यांसाठी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे अल्पवयीनांविरुद्ध २०२१ साली ३१,१७० आणि २०२२ साली ३०,५५५ प्रकरणे देशभर नोंदली गेली. एवढ्या विशाल देशात ही संख्या मोठी नाही. पण दरवर्षी तेवढी भर पडत राहिली, तर दहा वर्षांत काही लाख तरुण तो रकाना पुढे आल्यावर थबकतील.

दुसरा आक्षेप आमच्या शास्त्राच्या अंगणातला आहे, आणि मला तो अधिक अवघड वाटतो. अर्थशास्त्र सांगते की माहिती दडवली म्हणजे संशय नाहीसा होत नाही, तो पसरतो. व्यक्तीविषयी कळेनासे झाले की मालक गटावरून अंदाज बांधतो. याचा पुरावा अमेरिकेत सापडला. समाजशास्त्रज्ञ डेव्हा पेजर यांनी मिल्वॉकी शहरात केलेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सारख्या पात्रतेच्या तरुणांना नोकऱ्या मागायला पाठवले. गुन्ह्याची नोंद नसलेल्या गोऱ्या उमेदवारांपैकी ३४ टक्क्यांना पुढचे बोलावणे आले, नोंद असलेल्या गोऱ्यांपैकी १७ टक्क्यांना. नोंद नसलेल्या कृष्णवर्णीयांपैकी १४ टक्क्यांना, तर नोंद असलेल्यांपैकी अवघ्या ५ टक्क्यांना. ही प्रौढांच्या गुन्ह्यांची नोंद होती, बालकांच्या नव्हे. पण डागाची किंमत किती असते ते यावरून कळते. त्यानंतर तेथील अनेक राज्यांनी व शहरांनी अर्जातील तो प्रश्नच काढून टाकला. आणि काय झाले? न्यू जर्सी व न्यूयॉर्क शहरातील मालकांवर केलेल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की गोऱ्या व कृष्णवर्णीय अर्जदारांना येणाऱ्या बोलावण्यांतील तफावत ७ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेली. रकाना गेला तेव्हा मालकाने कातडीचा रंग वाचला.

आपल्याकडे तो आडनाव वाचेल, वस्ती वाचेल. पारधी समाजातील मुलाला हे कोणी शिकवायला नको. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले त्यांना १९५२ साली त्यातून मुक्त केले गेले. परंतु गावात चोरी झाली की जीप अजूनही आधी त्यांच्या पालाकडे वळते. अशा मुलाची नोंद होण्याचा संभव इतरांहून अधिक, आणि नोंद नसतानाही संशय येण्याचा संभव तेवढाच अधिक. तेव्हा खासगी मालकापुरता हा आक्षेप मी नाकारत नाही. रखवालदार पुरवणाऱ्या संस्था, वाहनचालक ठेवणाऱ्या कंपन्या, घरपोच सेवा देणारे व्यवसाय यांच्या मनातला संशय केवळ कागद गुप्त ठेवून जाणार नाही.

पण सरकारी भरतीला हा युक्तिवाद लागूच होत नाही. तेथे निवड गुणांवर, धावण्याच्या सेकंदांवर, छातीच्या सेंटिमीटरांवर ठरते. पडताळणी निवडीनंतर होते. रकाना काढला म्हणून अधिकाऱ्याला आडनावावरून अंदाज बांधून कोणाला वगळण्याची सोय उरत नाही, कारण यादी आधीच लागलेली असते. म्हणजे ज्या ठिकाणी गोपनीयतेची आर्थिक किंमत जवळजवळ शून्य आहे आणि लाभ सर्वाधिक आहे, नेमके त्याच ठिकाणी राज्य तिचा भंग करीत आहे. खासगी मालकांना उपदेश करण्याचा अधिकार सरकारला त्यानंतर येईल.

यासाठी दिल्लीकडे पाहण्याचीही गरज नाही. पोलीस हा राज्याच्या सूचीतील विषय आहे, राज्याच्या सेवांतील भरतीचे नमुने राज्यच छापते, आणि या अधिनियमाखाली नियम करण्याचा अधिकार कलम ११० ने राज्याला दिला आहे. महाराष्ट्राने २०१८ साली तसे नियम केलेही. वयाच्या अठराव्या वर्षापूर्वीच्या आणि बाल न्याय मंडळाने हाताळलेल्या प्रकरणाची माहिती देऊ नये व ती न देणे म्हणजे माहिती दडवणे नव्हे, एवढे एक वाक्य साक्षांकन नमुन्यावर छापायला शासन निर्णय पुरतो. मंडळाने अंतिम आदेश देतानाच नोंदी कोणत्या तारखेला नष्ट व्हाव्यात ते त्यात लिहावे आणि त्याची प्रत ठाण्याला, अधीक्षक कार्यालयाला व प्रौढांचा खटला चालवणाऱ्या न्यायालयाला धाडावी. आज हा आदेश मागण्याचे भान मुलाच्या बापाला नसते आणि वकील बहुधा नसतोच. प्रौढांच्या खटल्यात मुलाच्या नावाऐवजी क्रमांक घालणे तर निव्वळ कारकुनी काम आहे. यांतील एकाही गोष्टीला पैसा लागत नाही. अर्थशास्त्राच्या माणसाला अशी सूचना करण्याचे भाग्य क्वचित लाभते.

मी त्या संध्याकाळी विद्यार्थ्याला काय सांगितले ते लिहायचे राहिले. मी त्याला खरे लिहायला सांगितले. मंडळाच्या आदेशाची प्रत जोड, कलम २४ आणि कलम ७४ यांचा उल्लेख कर, असे सांगून मी स्वतः त्याच्या जोडपत्राचा मसुदा करून दिला. मसुदा चांगला झाला होता असे मला वाटते. त्याची नेमणूक ‘पडताळणी प्रलंबित’ म्हणून थांबवण्यात आली, फाइल वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. दरम्यान त्याच्या तुकडीचे प्रशिक्षण त्याच्यावाचून सुरू झाले आणि संपले. त्याच्याच गावचा, त्याच जत्रेत ताब्यात घेतला गेलेला दुसरा एक मुलगा रकान्यात ‘नाही’ लिहून रुजू झाला आहे, असे त्याने मला मध्यंतरी सांगितले. सांगताना आवाजात तक्रार नव्हती.

या वर्षी त्याने पुन्हा अर्ज केला आहे. मैदानी चाचणी झाली, लेखी परीक्षा बाकी आहे. निवड झाली तर तोच नमुना पुन्हा त्याच्या हाती येईल. या खेपेला काय लिहायचे, हे त्याने मला विचारलेले नाही.